रेघेपर्यंत जिन

काचेच्या बाटलीत कुठलाही पातळ पदार्थ ठेवला, तर त्याचा पृष्ठभाग वाटतो तितका सपाट नसतो. काचेला टेकतो तिथे तो केसभर वर चढतो आणि मधे किंचित खोलगट राहतो. पातळी वाचायची ती त्या खोलगटाच्या तळाशी, डोळा बरोबर त्याच उंचीवर आणून. बहुतेक माणसं हे शाळेत शिकतात आणि शाळेतच ठेवून येतात. थोरली ते घरी घेऊन आली होती. म्हणून तिच्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाला टेकून उभ्या असलेल्या जिनच्या बाटलीवर मागच्या बाजूने कागदाची बोटभर पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर टोकदार पेन्सिलीने मारलेली एक रेघ होती आणि रेघेखाली तारीख.

घरात कुणावर अविश्वास होता असं मुळीच नाही. नवरा सर्दीच्या औषधानेही दुपारभर पेंगणारा माणूस. बाबांचं वय एकोणऐंशी. पण मोजता येण्याजोगी वस्तू न मोजता सोडून द्यायची म्हणजे थोरलीला दार सताड उघडं टाकून बाहेर पडल्यासारखं वाटे. बाबांच्या गोळ्या, बाबांचं मीठ, बाबांचं पाणी (दिवसाला दोन लिटर, उन्हाळ्यात सव्वादोन) या सगळ्यांची वही होती. बाटलीला नुसती रेघ मिळाली होती. तसं पाहिलं तर बाटलीच स्वस्तात सुटली.

थोरली सरकारी प्रयोगशाळेत होती. बाजारात जाणाऱ्या मद्यांचे नमुने तिच्या टेबलावर येत आणि लेबलावर छापलेले टक्के आत खरोखर आहेत की नाहीत, ते ती दशांश चिन्हासह लिहून देई. एकोणीस वर्षांत तिने यातल्या एकाही नमुन्याचा थेंब जिभेला लावला नव्हता. तो कामाचा भाग नव्हता.

ती जिन मात्र बाजारातली नव्हती. धाकटीने गाळलेली होती.

धाकटी आधी नाच शिकली, मग तिने भाषांतरं केली, मग कुत्र्यांचं पाळणाघर काढलं, आणि गेल्या वर्षापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लहानशा, रीतसर परवाना असलेल्या कारखान्यात भागीदार होती. तिथे तांब्याचं एक भांडं होतं. त्या भांड्याबद्दल ती असं बोले, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात नवीन सून आली आहे. एका रविवारी ती पहिल्या खेपेची बाटली घेऊन आली आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत नवरा, बाबा आणि इमारतीचे सेक्रेटरी असे तिघे बसले होते. सेक्रेटरी खरं तर पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते, पण बाटली दिसल्यावर टाकी मागे पडली. धाकटीने बूच काढलं, ग्लासात बोटभर ओतली आणि हाताने हवा घालत वास सगळ्यांकडे पाठवला.

"जुनिपरची फळं," ती म्हणाली. "तीच खरी जिन. ती नसतील तर नुसतं स्पिरिट. बाकी मग धने, लिंबाची साल, ज्याची जशी हौस."

"फळं नव्हेत, शंकू," थोरली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात शेंगदाण्यांच्या बश्या होत्या. "वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते शंकू असतात. दिसतात फळांसारखे."

खुर्चीखालून मांजर जावं तशी तिची ही दुरुस्ती निघून गेली, आणि सगळे पुन्हा धाकटीकडे वळले.

आणि मग नवऱ्याने तो प्रश्न विचारला. पुढे झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मोठे करून.

"पण काय गं, जिनमध्ये अल्कोहोल असतं तरी किती?"

थोरलीच्या हातातली बशी कलली. तीन दाणे पडले. एकोणीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी तिला विचारत आला होता, की आज बस वेळेवर मिळाली का. बस! आणि टक्के विचारायचे तर मेव्हणीला.

"कुठे साडेसदतीसच्या खाली चालत नाही, कुठे चाळीसच्या," धाकटी म्हणाली. "माझी त्रेचाळीस. पण भाऊजी, टक्क्यांचं काय घेऊन बसलात? टक्के काय, हायड्रोमीटरलाही कळतात."

यावर बाबा मोठ्याने हसले. त्या संध्याकाळी ते तीनदा हसले. थोरलीने मोजलं होतं. तिच्याकडे राहायला आल्यापासूनच्या दीड वर्षाची सरासरी काढली असती, तर महिनाभराचा साठा त्यांनी दोन तासांत संपवला होता.

निघताना धाकटीने चपला घालता घालता, अगदी सहज, म्हटलं, "बाबा, खोली तयार आहे हं. खिडकीशी मोठं टेबल पण लावलंय."

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. बाबा पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करत आलेला माणूस. समोरच्याचा काटा कुठे अडकलाय ते त्यांना झाकण न उघडता कळे. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "जाऊ का गं धाकटीकडे थोडे दिवस?" आणि थोरली म्हणाली होती, "बघू." त्यानंतर चार वेळा त्यांनी विचारलं आणि चार वेळा तिने बघितलं. ती हो म्हणेपर्यंत ते जाणार नव्हते आणि नाही म्हणायला तिला कारण सापडत नव्हतं. खरं कारण सापडलेलं होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. बाबा तिकडे गेले आणि तिकडेच रमले तर?

"बघू," थोरली म्हणाली. मग सगळे गेल्यावर तिने पट्टी चिकटवली, रेघ मारली आणि तारीख घातली.

सात आठवडे थोरलीने बाटलीकडे पाहिलं नाही. आठव्या आठवड्यात शब्दकोश काढताना थोरलीच्या लक्षात आलं, की जिन गढूळ दिसतेय. दुधासारखी नव्हे, पण चष्म्यावर वाफ धरावी तशी. तिने बाटली खिडकीपाशी नेली, डोळा रेघेच्या उंचीवर आणला. पातळी बरोबर रेघेवर होती. बाटली हलवली, तर वर आलेले बुडबुडे आले तसे फुटून गेले. चांगल्या ताकदीच्या मद्यात ते जरा टिकतात.

आता हे कबूल केलं पाहिजे, की या क्षणी थोरलीला जे झालं त्याला दुःख म्हणता येणार नाही. पातळी तीच, म्हणजे बाटलीला कुणी हात लावलेला नाही. हात लावलेला नाही आणि जिन गढूळ, म्हणजे दोष मुळातच आहे. मूळ म्हणजे तांब्याचं ते भांडं. तर्क इतका स्वच्छ होता, की ती त्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये उभी राहूनही प्रसन्न होती.

"नमुना द्यायचाय," तिने प्रयोगशाळेच्या खिडकीवर पिशवीतून बाटली काढून ठेवली. खिडकीच्या आतला कारकून तिला रोज नमस्कार करणारा, सज्जन, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारा माणूस होता.

"मॅडम, सील?"

"सील नाहीये. घरची आहे."

"घरची!" कारकुनाने चष्मा खाली घेतला.

"म्हणजे बहिणीने दिलेली. मला फक्त टक्के बघायचेत. दहा मिनिटांचं काम आहे."

"उघडलेली दिसतेय. आणि एकच? तीन लागतात मॅडम, एकाच खेपेच्या, न उघडलेल्या. उत्पादकाचा अर्ज, तीन प्रतींत."

"अहो, मला माहितेय ते."

"माहीत असणारच. नियम अकरा तुम्हीच लिहिलाय." त्याने खिडकीच्या काचेवर आतून लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "आणि खाली ही ओळ. 'ओळखीच्या व्यक्तींसाठी अपवाद केला जाणार नाही.' तिच्याखाली रेघ पण तुम्हीच मारलीत."

थोरलीने ती रेघ पाहिली. सरळ होती. पट्टी लावून मारलेली होती. तिच्या मागे रांगेत उभा असलेला एक जण घसा खाकरून म्हणाला, "बाई, नियम सगळ्यांना सारखा." ती बाटली घेऊन बाजूला झाली.

साहेबांकडे जायचा एक मार्ग होता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?"

"तक्रार नाही, साहेब. शंका."

"शंकेला फॉर्म नाही आपल्याकडे," साहेब म्हणाले. मग जरा विरघळून त्यांनी कपाटातून एक हायड्रोमीटर काढून दिला. यादीतून बाद झालेला, पण अचूक. "घरी बघा तुम्ही. आणि निकालावर आपला शिक्का मारू नका म्हणजे झालं."

हायड्रोमीटर म्हणजे काचेची एक फुगीर नळी. द्रवात सोडली की तरंगते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते जितकं जास्त तितकी नळी खोल बुडते, आणि जिथवर बुडाली तिथला आकडा म्हणजे टक्के. द्रवात साखर असली की ही नळी फसते, पण या जातीच्या जिनमध्ये साखर नसते. इतकी सरळ गोष्ट. फक्त दोन अटी. नळी तळाला टेकता कामा नये म्हणून भांडं उंच आणि अरुंद हवं, आणि तापमान वीस अंश हवं. घरात तापमान एकतीस होतं. अकरा अंश जास्त असले तर आकडा चार-साडेचारने फुगून येतो, म्हणजे धाकटीला आयतेच चार गुण. ते थोरलीला मंजूर नव्हतं.

उंच भांडं म्हणून लग्नात आलेली फुलदाणी सापडली. ती बादलीत उभी केली, बादलीत फ्रिजमधला सगळा बर्फ ओतला, फुलदाणीत जिन ओतली आणि थोरली न्हाणीघरात स्टुलावर बसून तापमान उतरायची वाट बघू लागली. वीस अंशांवर थांबायचं असतं. बर्फाला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा पारा सतरावर गेला. मग बादलीत कोमट पाणी घातलं तर चोवीस. नवरा दाढी करायला म्हणून तीनदा दाराशी येऊन गेला.

"पेटवून बघ की सरळ," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "पूर्वी म्हणे बंदुकीच्या दारूवर ओतून काडी लावत. पेटली तर अस्सल."

"ते सत्तावन्न टक्क्यांच्या पुढे. आणि आपल्याकडे बंदुकीची दारू नाहीये."

"तुला सगळं माहीत असतं," तो म्हणाला. यात कौतुक होतं की कंटाळा, हे ओळखायला उपकरण नाही.

त्याने तरीही चमच्यात थोडी घेऊन काडी लावून पाहिली. जिन पेटली नाही. पेटली ती त्याच्या हातातली काडी, पार बोटापर्यंत, आणि चमचा टॉवेलवर पडला. टॉवेलला काही झालं नाही. त्याच्या ओरडण्याने मात्र सेक्रेटरी आले. दार उघडंच होतं. ते कुठल्याशा कामासाठी बाबांना भेटायला आले होते, पण न्हाणीघरात बादली, बादलीत फुलदाणी, फुलदाणीत तरंगणारी नळी आणि स्टुलावर वही घेऊन बसलेली थोरली असं पाहिल्यावर ते काम विसरले.

"लेखी द्या," त्यांनी लगेच सल्ला दिला. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. "काय असेल ते लेखी द्या, वहिनी. तोंडी गोष्टींना अर्थ नसतो. चार प्रती काढा."

"चार कशाला?"

"एक आपल्याजवळ. बाकी लागतात."

बाबा गॅलरीच्या दाराशी उभे होते. सेक्रेटरींना हाताने 'नंतर, नंतर' अशी खूण करून ते आत गेले. थोरलीने ते पाहिलं, पण तेवढ्यात पारा विसावर आला होता आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

अठ्ठावीस पूर्णांक आठ.

तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अठ्ठावीस पूर्णांक आठ. त्रेचाळीसचं लेबल आणि आत अठ्ठावीस! याला कुठल्याच कायद्यात जिन म्हणत नाहीत. थोरलीने नळी पुसली, जिन फनेलने बाटलीत परत भरली आणि आरशात पाहिलं. चेहरा गंभीर होता, पण गंभीर ठेवायला कष्ट पडत होते.

अहवाल दोन पानी झाला. नमुन्याचं वर्णन, पद्धत, तापमान, तीन वाचनं, सरासरी (तिन्ही सारखीच असताना सरासरी काढणं हा निव्वळ आनंदाचा भाग होता) आणि निष्कर्ष. चार प्रती. पुढच्या रविवारी धाकटीला चहाला बोलावलं. बाबांना मुद्दाम समोरच्या खुर्चीत बसवलं. बाबांनी बघावं, की हसवणं वेगळं आणि काम वेगळं, एवढीच तिची इच्छा होती. एवढीच म्हणजे गेली कित्येक वर्षं एवढीच.

धाकटीने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिचा चेहरा उतरला. थोरलीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच उतरला, आणि पाहताना वाटलं होतं तितकी मजा आली नाही.

"अठ्ठावीस?" धाकटी म्हणाली. "ताई, अगं दोनशे बाटल्या गेल्यात या खेपेच्या."

"म्हणून म्हणतेय. मोजायला हवं होतं."

"बाटली आण बघू."

थोरलीने बाटली आणली. धाकटीने ती उजेडात धरली, बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले. दोन सेकंद. फार तर तीन.

"यात कुणीतरी पाणी घातलंय," ती म्हणाली.

"तेच तर मी लिहिलंय, की पाणी जास्त..."

"नाही गं. नंतर घातलंय. जुनिपरचं तेल कडक स्पिरिटमध्ये विरघळून राहतं. पाणी वाढलं की ते बाहेर येतं आणि असं गढूळ दिसतं. आणि हे कारखान्यातलं पाणी नव्हे. नळाचं आहे. क्लोरीनचा वास येतोय."

एक आठवडा, एक बादली बर्फ, एक फुलदाणी, चार प्रती. आणि हिचं नाक! थोरलीच्या मनात जे दाटून आलं ते प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीत भरून ठेवता आलं नसतं. तिने बाटली हिसकावून उलटी फिरवली आणि पट्टी दाखवली.

"ही रेघ बघ. तारीख बघ. पातळी बरोबर रेघेवर होती. हात लावला असता तर खाली गेली असती ना?"

"अगं, पाणी घातल्यावर कशी खाली जाईल?" धाकटी म्हणाली. तिने हे अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हटलं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

दुसऱ्यांच्या बाटल्या किती भरल्या आहेत हे कधी न विचारता आतलं किती कडक आहे एवढंच बघणाऱ्या बाईने, स्वतःच्या घरातल्या बाटलीवर मात्र ती किती भरली आहे याची रेघ मारली होती. आणि रेघेने आपलं काम चोख केलं होतं. कुठवर भरायचं ते तिने दाखवून दिलं होतं.

आता सगळे नवऱ्याकडे बघू लागले.

"मी?" तो उभाच राहिला. "अहो, मला लिंबाच्या सरबतानेही गरगरतं! बाबा, तुम्ही सांगा ना."

बाबा काही सांगणार तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी होते. त्यांच्या काखेत भिंतीवरचं एक जुनं, चावीचं घड्याळ होतं.

"बाबा, हे पुन्हा बंद पडलं हो," ते आत येत म्हणाले. "चार दिवस चाललं. आणि घरात सगळीकडे वास येतोय. वाईट नाही, पण जंगलात बसल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, किती वाजले बघायला गेलं की भूक लागते."

धाकटी पुढे झाली. तिने घड्याळाला नाक लावलं. मग ती हळूच बाबांकडे वळली आणि तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"बाबा," ती म्हणाली, "माझी जिन?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अपराधी माणसाला चष्म्याचा फार आधार असतो.

थोरली ऑफिसला गेली की गॅलरीत, धुण्याच्या यंत्रावर पाट टाकून, ते इमारतीतली घड्याळं उघडत होते. चाकं सुटी करायची, धुवायची, उन्हात वाळवायची, तेल द्यायचं. धुवायला स्पिरिट लागतं. आणि घरात स्पिरिट, बेंझिन, रॉकेल यातलं काहीही ठेवायचं नाही अशी थोरलीने टाइप केलेली यादी फ्रिजवर लावलेली होती. ज्वलनशील पदार्थ, एकूण चौदा.

"यादीत जिन नव्हती," बाबा म्हणाले. "दोनदा वाचली मी."

"आणि पाणी?"

"रेघ होती ना तुझी. म्हटलं, खाली गेलेली दिसली तर तुला उगाच काळजी. जेवढी काढली तेवढं घातलं. मोजून हं. औषधाच्या टोपणाने, घड्याळामागे दहा-दहाची दोन टोपणं. न मोजता नाही केलं मी काही."

धाकटी आता उघड हसत होती. पण बाबा तिच्याकडे वळले तशी थांबली.

"पण कामाची नाही गं तुझी जिन," ते गंभीरपणे म्हणाले. "निम्म्याहून जास्त पाणीच त्यात. पितळ ठीक आहे, पण पोलाद गंजतं. आणि तो वास. स्पिरिट म्हणून फार हलकी."

"बाबा, ती पिण्यासाठी असते!"

"असेल."

थोरलीला फार दिवसांनी थोडं बरं वाटलं. ते टिकलं नाही, कारण बाबा खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले आणि मग खालच्या आवाजात बोलले.

"पहिली चार-पाच छान झाली. अजून चालतायत. पुढची बिघडत गेली. वाळतच नसत लवकर, स्प्रिंगांना गंज चढला. हे तर शेवटचं, चार दिवसांत बंद. मी समजलो. हात गेला माझा. पन्नास वर्षं झाली, जाणारच कधीतरी. आधी नुसतं टेबलासाठी जायचं म्हणत होतो. आता वाटतं, धाकटीकडे टेबल आहे, उजेड आहे, तिथे एकदा नीट बसून बघावं. खरंच गेलाय का."

सेक्रेटरींनी घड्याळ हळूच मांडीवर घेतलं.

थोरलीने अहवालाची चौथी प्रत उचलली, जी आपल्याजवळ ठेवायची असते. ती उलटी केली, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. बाटलीत रेघेपर्यंत पाचशे साठ मिलिलिटर. दर वेळी वीस काढले, वीस पाणी घातलं. म्हणजे दर वेळी आधीच्या ताकदीचे अठ्ठावीस भाग धरले तर सत्तावीस उरले. मिसळल्यावर आकारमान जरासं आक्रसतं, ते तिने सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच सोडून दिलं.

"बाबा, अकरा घड्याळं धुतलीत तुम्ही."

बाबांनी बोटांवर मोजलं. "अकराच. आपल्या स्वयंपाकघरातलं धरून. तुला कोण बोललं?"

"कुणी नाही. अठ्ठावीस पूर्णांक आठ म्हणजे अकराच."

"थांब, थांब," नवरा पुढे झुकला. गुडघ्यांवर हात, डोळे मोठे. "ते कसं काढलंस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला वेळ नव्हता, पण हा प्रश्न तिने ऐकला आणि नीट ठेवून दिला. मग तो कागद बाबांच्या समोर धरला.

"हे बघा. पहिलं घड्याळ तुम्ही त्रेचाळीस टक्क्यांत धुतलंत. पाचवं सदतीसमध्ये. हे सेक्रेटरींचं, अकरावं, तिसात. तुम्ही दर वेळी पाणी घालत होतात. शेवटी शेवटी सत्तर भाग पाण्यात स्प्रिंगा भिजवत होतात. कुणाच्याही हातून गंजल्या असत्या. हात नाही गेला, बाबा. टक्के गेले."

बाबांनी कागद घेतला. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आले, पुन्हा वर गेले. घड्याळाच्या आत बघताना जसा एक डोळा बारीक करत, तसा केला.

"म्हणजे ही चार-पाच चालली ती..."

"तुम्ही नीट केलीत म्हणून चालली. तीही धाकटीच्या त्या हलक्या जिनमध्ये."

"ताई!" धाकटी म्हणाली.

बाबा हसले. मोठ्याने नव्हे. पण थोरलीकडे बघून हसले, आणि हे तिने मोजलं नाही.

मग तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत? टेबल हवं म्हणून?"

"तू 'बघू' म्हणाली असतीस," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वेळ सांगावी तसं सांगितलं.

धाकटीने मान खाली घातली होती. "मला काही सुचलं नव्हतं गं," ती पुटपुटली. "टेबल त्यांनीच मागितलं फोनवर."

म्हणजे मागितलं होतं. धाकटीकडे मागता आलं होतं. हेच ते, थोरलीला वाटलं, ज्याचा आपल्याला नाचाच्या क्लासपासून हेवा वाटत आलाय. तिचं नाक नव्हे, तिचं हसवणं नव्हे. तिच्याकडे मागता येतं. ते आतमध्ये अजूनही तसंच टोचत होतं, एका टक्क्याने कमी झालं नव्हतं.

"टेबल किती लांब आहे?" तिने धाकटीला विचारलं.

"सहा फूट."

"उजेड कुठल्या बाजूचा?"

"उत्तरेचा. दिवसभर सारखा."

"शुद्ध स्पिरिट आणशील? पंच्याण्णवच्या वरचं. आणि लोखंडी कपाटात ठेवशील, कुलूप लावून?"

"ठेवीन. पण ताई, तू मला असं विचारतेयस जसं काही..."

"विचारू दे मला."

सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "जे काय ठरेल ते लेखी..." नवऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते थांबले.

या वेळी बाबांनी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. नुसते कागद हातात धरून तिच्याकडे बघत होते. थोरलीच्या जिभेवर तो जुना, गुळगुळीत शब्द आलाही. सात महिने वापरून त्याच्या कडा झिजल्या होत्या, तोंडात तो चटकन बसे. तिने तो गिळला.

"जा, बाबा," ती म्हणाली. "येत्या रविवारी जा. मी सोडायला येते."